पाटलांची मेंढरं

वेस्ट विंडसरमध्ये आम्ही घर घेतलं ते ऐंशीच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला. तेव्हा तिथे आजच्यासारखी गर्दी नव्हती. प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनपासून दहा मिनिटं ड्राइव्ह केलं की रस्त्याच्या एका अंगाला बिल्डरनं बांधलेली सहा नवी घरं आणि दुसऱ्या अंगाला बटाट्याची, मक्याची शेतं. शेतांच्या पलीकडे लाल रंगाचं लाकडी कोठार आणि तारेच्या कुंपणात चरणाऱ्या तीसेक मेंढ्या. माझा नवरा पीएचडी करून एका रिसर्च लॅबमध्ये होता. मी एमएस्सी झालेली, पण मुलगी लहान म्हणून घरीच. त्या रस्त्यावर भारतीय म्हणाल तर फक्त आम्ही.

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा तिनं कुत्र्याचा हट्ट धरला. शेल्टरमधून आणलेला तो कुत्रा कुठल्याच एका जातीचा नव्हता. अंगानं काळा, कान शेफर्डसारखे उभे, स्वभाव मात्र अगदी लोण्यासारखा. मुलगी शाळेच्या बसमधून उतरली की तो तिच्या दप्तराचा पट्टा तोंडात धरून तिला घरापर्यंत आणायचा. रोज सकाळी मी मागचं दार उघडायची, तो पाच-दहा मिनिटं फिरून परत यायचा. शेजारच्या घरी एक वकील राहायचे, त्यांची लाल रंगाची सेटर जातीची कुत्री होती. दोघांची दोस्ती जमली होती. कुंपण वगैरे कुणी घातलेलं नव्हतं. एवढ्या मोकळ्या जागेत कुत्र्याला बांधायचं कशाला, असं आम्हालाही वाटायचं आणि वकिलांनाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या. त्यांचं माहेर माणदेशातलं, सांगोल्याच्या पुढचं. वडिलांची कोरडवाहू शेती, आणि दरवर्षी शेतात धनगरांचा तळ पडायचा. खताच्या निमित्तानं मेंढरं शेतात बसवायची, भोवती जाळी लावायची. त्या जाळीला त्या वाघर म्हणायच्या. लहानपणी त्या तळावर त्यांचा अर्धा दिवस जायचा. हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी, न्यू जर्सीच्या किचनमध्ये कळलं. कारण आमच्या खिडकीतून समोरची मेंढरं दिसायची, आणि सासूबाई चहाचा कप घेऊन तासन्‌तास त्या खिडकीशी उभ्या राहायच्या.

"ती डाव्या हाताची गाभण आहे बघ," त्या म्हणायच्या. "आणि ती कडेची लंगडतेय. खूर बघायला पायजेत तिचे."

त्या शेताचा मालक सत्तरीचा, उंच, पाठीत थोडा वाकलेला माणूस होता. त्याला आम्ही पिकअप ट्रकमधून जाताना बघायचो आणि हात करायचो, तोही दोन बोटं वर करायचा. ओळख एवढीच. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं पाटील. "ज्याच्या मालकीचं एवढं शिवार, तो पाटीलच की," असं त्यांचं म्हणणं.

मार्च महिना होता. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. नवरा कामावर गेला, मुलगी बसमध्ये बसली, आणि माझ्या लक्षात आलं की कुत्रा अजून परत आलेला नाही. साडेसहाला सोडलेला, नऊ वाजत आले तरी पत्ता नाही. मी मागच्या दारातून हाका मारल्या. थोड्या वेळानं तो आला, पण नेहमीसारखा धावत नाही. पोट जमिनीला लावत, शेपूट पायात घालून आला. पायांना चिखल होताच, पण तोंड आणि छाती वेगळ्याच रंगानं माखली होती. जवळ आला तेव्हा दिसलं. दातांत आणि गळ्याच्या पट्ट्यात पांढरी लोकर अडकली होती.

मी काय केलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. विचार केला नाही. त्याला ओढत लाँड्रीतल्या मोठ्या सिंकमध्ये उभं केलं, गरम पाणी सोडलं आणि शॅम्पूची अर्धी बाटली त्याच्या अंगावर ओतली. पाणी आधी तांबडं, मग गुलाबी, मग पांढरं झालं. वर बघितलं तर दारात सासूबाई उभ्या.

"कुणाचं रगत आहे हे?"

"सशाचं असेल," मी म्हणाले.

"सशाला लोकर नसते," त्या म्हणाल्या, आणि पट्ट्यात अडकलेला एक पुंजका काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि कचऱ्यात टाकला.

अर्ध्या तासात पिकअप आमच्या ड्राइव्हवेमध्ये उभा राहिला. मी दार उघडलं. म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली होती. कोटाची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती, आणि ट्रकच्या मागच्या काचेला आडवी लावलेली बंदूक मला दिसली.

"आज सकाळी दोन कुत्री माझ्या मेंढ्यांत शिरली होती," तो म्हणाला. "एक लाल, एक काळा. तुमचा कुत्रा बाहेर होता का?"

"नाही," मी म्हणाले. "तो कालपासून घरातच आहे."

त्याच क्षणी कुत्रा माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि अंग झटकलं. पाण्याचे थेंब माझ्या साडीवर उडाले, दारावर उडाले, त्या माणसाच्या बुटांवरही उडाले. सगळ्या हॉलमध्ये शॅम्पूचा वास. त्यानं कुत्र्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ठीक आहे, मॅम," एवढंच म्हणून त्यानं टोपी घातली आणि तो वकिलांच्या घराकडे गेला. खिडकीतून मी बघत होते. वकिलांच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं, मान हलवली आणि लावून घेतलं. पिकअप निघून गेला.

"काय म्हणाला तो?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

मी हॉलमधले थेंब पुसायला लागले. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, पण 'नो' एवढं कळायला इंग्लिश यावं लागत नाही.

"त्याचं काय गेलं, किती गेली, हे तरी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. खरं सांगायचं तर ते माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या मनात दुपारी साडेतीनला बसमधून उतरणारी मुलगी होती. टाउनशिपच्या ऑफिसातला कुत्रे पकडणारा माणूस होता. आणि, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली, 'बाहेरून आलेली माणसं' हे तीन शब्द होते. आपण इथे नवे. आपल्याच घरातून ही भानगड निघाली तर लोक काय म्हणतील, याची भीती.

सासूबाईंनी नऊवारीवर माझ्या नवऱ्याचा जुना पार्का, म्हणजे थंडीचा जाड कोट, चढवला आणि पायात त्याचेच रबरी बूट घातले.

"चल."

"आई, ते लोक कुत्र्याला मारून टाकतील. कायदा आहे तसा. पोरीला काय सांगू मी?"

"ते मागनं बघू. आमच्या गावात कुणाच्या कुत्र्यानं मेंढरू धरलं, तर धनगर दारात यायच्या आधी मालक तळावर जायचा. तो दारात येऊन गेला आणि आपण खोटं बोललो. आता तरी चल."

रस्ता ओलांडून शेताच्या कडेनं आम्ही गेलो. त्या पुढे, मी मागे. चिखलात माझ्या चपला रुतत होत्या. कोठाराच्या दाराशी एका गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. आत जनावरांचा डॉक्टर गुडघ्यावर बसून एका मेंढीच्या मांडीला टाके घालत होता आणि म्हातारा तिचं डोकं धरून बसला होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि पुन्हा मेंढीकडे मान वळवली.

सासूबाईंनी गोणपाट उचललं. मेलेल्या मेंढीकडे बघितलं, तिच्या कासेला हात लावला आणि परत नीट झाकलं.

"हिला लेकरं असणार," त्या म्हणाल्या. "कास भरलीय."

होती. कोठाराच्या कोपऱ्यात, पेंढ्यावर, पाच दिवसांची दोन कोकरं. एक ओरडत होतं, दुसरं ओरडायचंही थांबलं होतं. सासूबाई खाली बसल्या, त्या गप्प पडलेल्याला मांडीवर घेतलं आणि करंगळी त्याच्या तोंडात घातली.

"तोंड गार पडलंय याचं. आधी ऊब द्यायला पायजे."

त्यांनी पार्काची चेन उघडली आणि कोकरू आत, पदराशी धरलं. डॉक्टरनं टाके घालता घालता मान वर करून बघितलं. म्हाताराही बघत राहिला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळी वाक्यं मनात जुळवून आणली होती, तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"मी त्याला धुतलं," मी म्हणाले. "तुम्ही यायच्या आधी. माझाच कुत्रा होता."

त्यानं मेंढीचं डोकं मांडीवर नीट टेकवलं. मग शांतपणे म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे, मी आत्ता तुमच्या घरी जाऊन त्याला गोळी घालू शकतो? मला कुणी जाब विचारणार नाही."

"हो."

"काय म्हणतोय?" मागून सासूबाई. मी सांगितलं.

"त्याला सांग, तुमचा हक्क आहे. आम्ही आडवं येणार नाही. पण आधी ही लेकरं जगवू. दूध कुठंय, विचार."

मी सगळं सांगितलं, पहिल्या वाक्यासकट. त्यानं सासूबाईंकडे बघितलं. पायात मोठाले बूट, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली नऊवारी, पार्कातून बाहेर आलेलं एक पांढरं तोंड. मग तो उठला, आत गेला आणि बाटली भरून घेऊन आला.

दुपारी मुलगी आली. तिच्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "ही किल्ड देअर मॉम?" मी हो म्हणाले. तिनं कुत्र्याकडे बघितलं. त्यानं नेहमीसारखा दप्तराचा पट्टा धरायला तोंड पुढे केलं, तर तिनं दप्तर पाठीमागे घेतलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवायला घालायची, पण त्याच्याकडे न बघता. तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसून त्याला इंग्लिशमध्ये फार गंभीरपणे काहीतरी समजावत होती, आणि तो कान पाडून ऐकत होता.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. आईसमोर मी त्याला 'अहो' म्हणायची, एरवी 'अरे'. त्या दिवशी अहो-अरे सगळं विसरले. तो आधी चिडला, माझ्यावर आणि कुत्र्यावर. मग चेकबुक काढलं. "मेंढीची किंमत विचारू, डॉक्टरचं बिल भरू, सॉरी म्हणू. दॅट्स इट." त्याच्या आईनं ते चेकबुक उचलून कपाटावर ठेवलं. "ते मागनं," त्या म्हणाल्या. "आधी तो काय म्हणतोय ते ऐकायला जा."

शनिवारी सकाळी आम्ही पाटलांच्या किचनमध्ये बसलो. मी त्या माणसाला मनातल्या मनात पाटीलच म्हणायला लागले होते. टेबलावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड, खिडकीत वाळून गेलेली तीन कुंड्यांतली झाडं. ती बायकोची होती, असं नंतर कळलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. वकिलांनाही बोलावलं होतं, पण ते आले नाहीत. आमच्या कुत्रीनं काही केल्याचा पुरावा काय, असं त्यांनी फोनवर विचारलं होतं.

नवऱ्यानं डॉक्टरचं बिल द्यायचं कबूल केलं, ते पाटलांनी घेतलं. मेंढीचे पैसे मात्र घेतले नाहीत.

"मला पैसे नकोत," ते म्हणाले. "अजून अकरा मेंढ्या व्यायच्या आहेत. मी एकटा आहे. बिनआईच्या पिल्लांना बाटली लावायचं काम माझी बायको करायची. दर चार तासांनी. मला ते जमत नाही. या बाईंना जमतं." त्यांनी सासूबाईंकडे बोट केलं. "ती दोन पिल्लं तुम्ही वाढवा. गवत खायला लागली की परत आणा."

"आणि कुत्रा?" मी विचारलं.

"त्याला कुंपण. उद्यापासून. तोपर्यंत साखळी. पुन्हा माझ्या शेतात दिसला तर मी तुमच्या दारात येणार नाही, तुम्ही माझ्या दारात याल, त्याला उचलून न्यायला. समजलं?"

समजलं. सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "न्याय बरोबर केलाय पाटलांनी," त्या त्यांच्याकडे हात करून म्हणाल्या.

ते म्हणाले, "काय म्हणतायत त्या मला?"

मी 'पाटील' म्हणजे काय ते समजावून सांगितलं. म्हातारा पहिल्यांदा हसला. "गावाचा मुख्य? माझं ऐकणारं गावात कोण आहे?" पण त्या दिवसापासून सासूबाईंनी "पाटील!" अशी हाक मारली की ते शेताच्या दुसऱ्या टोकाहून हात वर करायचे.

आमच्या गॅरेजमधली गाडी बाहेर गेली आणि कोकरं आत आली. पाटलांनी पेंढा, लाल बल्बचा दिवा आणि दुधाच्या पावडरीची पिशवी दिली. सासूबाईंनी आपली जुनी साडी फाडून अंथरली. मुलीचे लहानपणीचे दोन स्वेटर कोकरांना अगदी बरोबर बसले, एक पिवळा, एक निळा. त्यामुळे त्यांची ओळख सोपी झाली. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी बाटलीच्या निपलचं भोक मोठं आहे म्हणून ती परत पाठवली. "ठसका लागून मरंल लेकरू." दूध पाजताना त्यांचा एक हात कोकराच्या पोटाखाली असायचा. पोट एका ठरावीक फुगीपर्यंत आलं की बाटली काढून घ्यायच्या, कोकरू कितीही ओरडो. मला आणि मुलीला त्यांनी ते पोट चाचपायला शिकवलं. मी एमएस्सीला असताना प्रयोगशाळेत पुष्कळ मोजमापं केली होती, पण ते पोट ओळखायला मला आठवडा लागला. मुलीला दुसऱ्याच दिवशी आलं.

एकदा मात्र घोटाळा झाला. कोकरांच्या शेपटीला घट्ट रबरी कडं लावलेलं सासूबाईंच्या लक्षात आलं. "कुणी हा चावटपणा केला? शेपूट मरंल की लेकराचं!" आणि त्या कात्री घेऊन ते कापायला बसल्या. त्याच वेळी पाटील कुंपणाचं काम बघायला आलेले. "नो, नो, नो!" करत ते गॅरेजमध्ये धावले. इथे मेंढ्यांची शेपटी मुद्दाम अशी झडू देतात, घाण साचू नये म्हणून, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी सासूबाईंना. त्यांना ते पटलं नाही. "सांग त्यांना, आमच्याकडची मेंढरं शेपटीसकट जगतात." पाटील म्हणाले, "सांगा त्यांना, मला बघायला आवडेल." दोघांचं या विषयावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. कोकरू दूध पिताना ती कडं लावलेली शेपटी जोरजोरात हलवायचं आणि सासूबाई पाटलांकडे 'बघा' अशा नजरेनं बघायच्या.

कुंपण घालायचं काम नवऱ्याकडे होतं. त्यानं ग्राफ पेपरवर नकाशा काढला. खांबांमधलं अंतर मोजून खुंट्या मारल्या, दोरी ताणली. पाटील हाताची घडी घालून उभे. नवऱ्यानं तिसरा खड्डा खणला तेव्हा ते त्याला म्हणाले, "डॉक्टर, हा खांब डावीकडे चाललाय." नवऱ्यानं टेप लावली. खरंच डावीकडे चालला होता. त्यानं टेप खिशात ठेवली आणि पुढचे सगळे खांब पाटलांनी बोट दाखवलं तिथे रोवले. दोन शनिवार-रविवार गेले. त्याच्या हातांना फोड आले, आणि सोमवारी लॅबमध्ये तो ते सगळ्यांना दाखवत होता, हे मला त्याच्या एका मित्राकडून कळलं.

कुंपणातून कुत्रा रस्त्यापलीकडे बघत बसायचा. कोकरांचा आवाज आला की अंग थरथरायचं त्याचं. मला त्याची दयाही यायची आणि भीतीही वाटायची. लोण्यासारख्या त्या जनावरात हे कुठे होतं, असं मी एकदा पाटलांना विचारलं. ते म्हणाले, "तो वाईट नाही. दोन एकत्र आली की कुत्री वेगळीच होऊन जातात. एकटा असता तर पळत्या मेंढीमागे दोन फेऱ्या मारून घरी आला असता."

वकिलांची कुत्री मोकळीच होती. पाटील त्या घराकडे बघतसुद्धा नसत. एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला आमची बेल वाजली. पाटील उभे, हातात पेंढ्याचे गठ्ठे बांधायची सुतळी, आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला ती लाल कुत्री. तिच्या पुढच्या पायाला कापलं होतं.

"माझ्या तारेत अडकली होती," ते म्हणाले. "आत शिरता शिरता. मेंढ्यांना काही झालं नाही. बंदूक ट्रकमध्ये होती."

"मग?"

"मग काय, ती माझ्याकडे बघून शेपूट हलवायला लागली." त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली. "तुम्ही घेऊन जा. मी गेलो तर नको ते बोलेन."

मी कुत्रीला घेऊन वकिलांच्या दाराशी गेले. त्यांच्या बायकोशी माझं बोलणं तोपर्यंत हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं. माझ्याहून थोडी मोठी, नेहमी नीटनेटकी. तिनं दार उघडलं, कुत्रीचा पाय बघितला, सुतळी बघितली आणि चेहरा कठोर केला. ती काही बोलायच्या आत मी म्हणाले, "त्या दिवशी मी माझ्या कुत्र्याला शॅम्पूनं धुतलं होतं. त्या म्हाताऱ्यांना खोटं सांगितलं होतं. मग माझी सासू मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली."

तिनं कुत्रीला जवळ घेतलं आणि पायरीवरच बसली. मीही बसले. सुतळीची गाठ सोडता सोडता ती म्हणाली, "मी टबमध्ये धुतलं. दोनदा. तेव्हापासून मला त्या बाथरूममध्ये आंघोळ करवत नाही. नवऱ्याला मी सांगितलंच नाही. त्याला खरंच वाटतं की ती घरात होती."

मग तिला मी गॅरेजमध्ये नेलं, कोकरं दाखवली. सासूबाईंनी काही न विचारता तिच्या हातात बाटली दिली. पिवळ्या स्वेटरवालं कोकरू बाटलीला लुचायला लागलं आणि ती बाई रडायला लागली. सासूबाईंनी तिचा हात धरून कोकराच्या पोटाखाली ठेवला.

त्या दुपारी ती एकटी पाटलांकडे गेली. काय बोलणं झालं ते मला कुणीच सांगितलं नाही. पण पुढच्या शनिवारी वकील फावडं घेऊन आमच्या ड्राइव्हवेमध्ये उभे होते. नव्याकोऱ्या बुटांत, जरा अवघडलेले. ओढ्याच्या बाजूची पाटलांची तार जुनी होती, कुत्री तिथूनच आत शिरत होती. ती बदलायची ठरली होती. माझा नवरा आता स्वतःला त्यातला जाणकार समजत होता. "हा खांब डावीकडे चाललाय," असं तो वकिलांना म्हणताना मी ऐकलं. मधल्या सुट्टीत सासूबाईंनी सगळ्यांना थालीपीठ आणि लोणी पाठवलं. पाटलांनी तीन खाल्ली. वकिलांनी एक खाल्लं, आणि मग थोडं घुटमळून पाटलांना म्हणाले, "मी फोनवर जे बोललो ते मला बोलायला नको होतं." पाटील म्हणाले, "ती तार जरा ओढून धरा," आणि विषय संपला.

मे महिन्यात कोकरं गवत खायला लागली. आम्ही सगळे त्यांना घेऊन शेतात गेलो. मुलीनं स्वेटर काढले. कळपात सोडलं तर दोन्ही परत सासूबाईंच्या पायाशी आली. पुन्हा सोडलं, पुन्हा आली. शेवटी पाटील म्हणाले, "त्यांना जायला सांगा. त्या इथे असेपर्यंत ही जाणार नाहीत." सासूबाई मागे न बघता चालायला लागल्या. रस्त्यापर्यंत कोकरांचा आवाज येत होता. घरी आल्यावर त्यांनी गॅरेज झाडून काढलं, धुतलं, आणि त्या दिवशी दुपारी त्या जेवल्या नाहीत.

जूनमध्ये त्यांचं परतीचं विमान होतं. पाटलांनी आपणहून विचारलं, एअरपोर्टला मी येऊ का. इस्त्रीचा शर्ट घालून ते आमच्या स्टेशन वॅगनमध्ये पुढे बसले. न्यूयॉर्कला ते पंधरा वर्षांत गेले नव्हते. वाटेत आम्ही क्वीन्समध्ये रस्ता चुकलो, नवरा आणि पाटील दोघं दोन वेगवेगळ्या दिशा सांगत होते, आणि मागच्या सीटवर सासूबाई शांतपणे मुलीला कोकराचं पोट हातानं कसं ओळखायचं ते पुन्हा एकदा समजावत होत्या.

गेटपाशी त्यांनी पाटलांना नमस्कार केला. त्यांनीही दोन्ही हात जोडले, टोपी मध्येच अडकली.

"विचारा त्यांना," ते मला म्हणाले, "पुढच्या मार्चला येतील का."

मी विचारलं. सासूबाईंनी थोडा विचार केला. "माझं काय, तिकडं घरी दोन नातवंडं आणखी यायचीत, सांगता येत नाही. पण ही आहे की," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "हिला येतं आता."

मी पाटलांना ते तसंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा शंकेनंच बघितलं.

पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी मुलगी शाळेत गेली होती आणि मी चहा ओतत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे पाटील. त्यांनी गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं नाही.

"तिघं झालीत. आई एकाला जवळ येऊ देत नाही. तुम्ही येताय की नाही?"

मी गॅस बंद केला आणि नवऱ्याचे रबरी बूट शोधायला लागले.